काळवंडतं म्हणूनच टिकतं

वेरूळचं कैलास मंदिर कोणी घडवलं? शाळकरी पोरही सांगेल: राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, आठवं शतक. पण हे आपल्याला कळलं कुठून? अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला, हत्ती उभे केले, कैलास हलवणारा रावण कोरला, आणि करवून घेणाऱ्याचं नाव सांगणारा लेख मात्र त्या मंदिरावर नाही! ते नाव आपल्यापर्यंत पोचवलं तांब्याने. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा, इ. स. ८१२-१३ मधला एक ताम्रपट वडोद्याला सापडला. दस्तऐवज दानाचा, पण पूर्वजांची थोरवी सांगताना त्यात एलापुरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचं वर्णन येतं. ते पाहून देव थक्क झाले, आणि खुद्द शिल्पीही आपल्या हातून हे घडलं कसं म्हणून चकित झाला, असं तिथे लिहिलं आहे.

छत्रपती संभाजीनगरपासून तासाभराच्या अंतरावरच्या त्या बेसाल्टच्या डोंगराने जे सांगितलं नाही, ते हातात मावणाऱ्या पत्र्यांनी बाराशे वर्षं जपलं. छिन्नीने अक्षरं कोरता येतील इतका मऊ धातू, आणि तरी बारा शतकांनी ती अक्षरं वाचता येतात. असं कसं होतं?

हा प्रश्न आज स्वयंपाकघरात आणायचं कारण आहे. घर नव्याने करणारी मंडळी आता ओट्यासाठी तांब्याचा विचार करू लागली आहेत. आपल्याकडे ओटा म्हणजे आधी कडप्पा, मग ग्रॅनाइट. तांबं होतं ते हंड्या-कळशीत, पाणी तापवायच्या बंबात आणि देवघरातल्या ताम्हणात. तेच तांबं प्लायवर पत्रा म्हणून पसरायचं, त्यावर भाजी चिरायची तयारी करायची, मिक्सर ठेवायचा. जमेल? शोभेल? झेपेल? उत्तर द्यायचं तर या धातूचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा, आणि तो स्वभाव पावलोपावली चकित करणारा आहे.

रंगापासूनच सुरुवात करू. लोखंड, ॲल्युमिनियम, जस्त, कथील, शिसं, चांदी, निकेल: सगळे एकजात चंदेरी किंवा करडे. रोजच्या वापरातल्या शुद्ध धातूंमध्ये ठसठशीत रंगाचे दोनच, सोनं आणि तांबं. का बरं? धातूवर पांढरा प्रकाश पडतो तेव्हा त्यात सगळे रंग असतात. चांदी ते जवळपास सगळे परत पाठवते, म्हणून ती पांढरी दिसते. तांब्याच्या अणूत मात्र आतल्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन आणि बाहेरची मोकळी जागा यांच्यातलं ऊर्जेचं अंतर नेमकं इतकं आहे, की निळ्या-हिरव्या प्रकाशाने ते इलेक्ट्रॉन वर उडी मारतात. तो प्रकाश धातूतच मुरतो. उरलेला लालसर-केशरी भाग आपल्या डोळ्यांकडे येतो. ताम्हणाची ती ऊबदार लाली म्हणजे अणूच्या आतल्या हिशोबातली बाकी!

आता घासूनपुसून लखलखीत केलेलं ताम्हण आठ दिवस तसंच ठेवा. लाली मंदावते, तपकिरी झाक येते. आपण म्हणतो, काळं पडलं. खरं तर तिथे एक कवच विणलं जात असतं. हवेतला ऑक्सिजन वरच्या अणूंशी जुळतो आणि तांबूस ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. मग काळसर ऑक्साइड. हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकामुळे आणखी गडद छटा. पण हे सगळं लोखंडालाही होतं, मग लोखंड का सडतं? कारण गंज फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवेला उघडं पडतं. तांब्याचा थर दाट असतो, तो खालच्या धातूला घट्ट धरून बसतो. थर वाढत जातो तसा ऑक्सिजनचा आत शिरायचा रस्ताच अरुंद होत जातो. हा धातू स्वतःच्या झिजेतून स्वतःचं पांघरूण तयार करतो. ताम्रपटाचं रहस्य हेच.

याचा सर्वांत मोठा पुरावा न्यूयॉर्कच्या बंदरात उभा आहे. १८८६ साली लोकार्पण झालं तेव्हा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा तांबूस होता. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत तो आधी तपकिरी झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हिरवा. त्याची कातडी म्हणजे अवघा २.४ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा. १९८० च्या दशकात मोठी डागडुजी झाली, तेव्हा शंभर वर्षं वादळवारा झेलूनही तो पत्रा बहुतांशी शाबूत निघाला. आणि गंजून गेलं काय होतं? आतला लोखंडी सांगाडा! ओल असेल आणि तांब्याला लोखंड चिकटून असेल, तर त्या दोघांची एक छोटी बॅटरीच बनते आणि तिच्यात बळी जातो लोखंडाचा. शेवटी त्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. ओटा करणाऱ्याने यातून घ्यायचा धडा सोपा आहे: तांब्याच्या पत्र्याला साधे लोखंडी खिळे-स्क्रू लावू नयेत. पितळेचे किंवा स्टेनलेसचे वापरावेत.

मग संभाजीनगरातला ओटाही हिरवा होईल का? सहसा नाही. त्या हिरवाईला सततची ओल, हवेतलं गंधक किंवा समुद्राचं मीठ लागतं. मराठवाड्याची हवा वर्षाचा मोठा भाग कोरडी, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि ओटा तर छपराखाली. इथे तांबं मधाळ तपकिरीवरून गर्द तपकिरीकडे सावकाश जाईल. मालवणच्या किंवा अलिबागच्या घरात मात्र सिंकच्या कडेला हिरवट रेघ लवकर डोकावू शकते.

धातूचा हा काळवंडण्याचा गुण आपल्या भागाने फार पूर्वी ओळखला, इतका की त्याची कला केली. संभाजीनगरात आलेला पाहुणा हिमरू आणि पैठणीबरोबर बिदरीची सुरई किंवा डबी हमखास पाहतो. ती काळीभोर जमीन आणि तिच्यावर चमकणारी चांदीची वेलबुट्टी! तो काळा रंग लावलेला नसतो. भांड्याचा मिश्रधातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडंसं तांबं. नक्षी कोरून चांदी ठोकून बसवली की बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर चोळतात. चांदी तशीच राहते आणि बाकीचा सगळा पृष्ठभाग पाहता पाहता काळा होतो. त्या मिश्रधातूत तांबं शेरभरात चिमूटभर, पण ते नसतं तर हा मखमली काळा उतरलाच नसता. आपण ज्याला डाग म्हणतो, त्याच रसायनाच्या जोरावर बिदरच्या कारागिरांनी शतकानुशतकं नाव कमावलं.

आता स्वयंपाकघरातला रोजचा चमत्कार पाहा. तपकिरी झालेल्या तांब्यावर लिंबाचा एक थेंब टाका. थोड्या वेळाने पुसा. तिथे नव्यासारखा लखलखीत ठिपका! लिंबातलं आम्ल ऑक्साइडचा थर विरघळवतं आणि खालचं कोरं तांबं उघडं पडतं. चिटकीभर मीठ घातलं तर काम आणखी झपाट्याने होतं, कारण मिठातला क्लोराइड सुटलेल्या तांब्याला धरून ठेवतो. आपल्या आज्यांनी चिंचेने हंडे घासले ते याच न्यायाने. पण हंड्याला सुख देणारी ही गोष्ट ओट्यावर वेगळीच गंमत करते. कोशिंबिरीचं लिंबू सांडलं, टोमॅटोचा रस ओघळला, चिंचेचा कोळ पडला, की तिथे तेवढाच चमकदार पट्टा उमटतो. काळजी करू नका. तो भाग पुन्हा हवेशी बोलू लागतो आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत आजूबाजूच्या रंगाला मिळून जातो. ओट्यावर त्या घराच्या स्वयंपाकाचा नकाशा सतत उमटत आणि पुसला जात राहतो. हे ज्याला सुंदर वाटतं त्याने तांबं घ्यावं. ओटा दहा वर्षं पहिल्या दिवसासारखा दिसावा अशी ज्याची इच्छा आहे त्याने ग्रॅनाइटच घ्यावा.

“पण वरून लॅकर मारून तो चकाकताच ठेवला तर?” हा प्रश्न दुकानात हमखास निघतो. लॅकरने रंग टिकतो खरा, पण ओरखडा पडला की तिथून लॅकर उचकटतं आणि ओटा ठिगळासारखा दिसू लागतो. त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ते समजायला तांब्याचा सर्वांत थरारक गुण पाहायला हवा.

तांब्यावर पडलेले जंतू मरतात. नुसत्या स्पर्शाने! कोरड्या, स्वच्छ तांब्याच्या पृष्ठभागावरून सतत काही आयन सुटत असतात. ते जिवाणूच्या आवरणाला भोकं पाडतात, आत शिरून त्याची प्रथिनं बिघडवतात, त्याच्या डीएनएचे तुकडे करतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली तांबं आणि त्याचे मिश्रधातू जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदवले. हा मान मिळालेला तो पहिला घन पदार्थ. नेमून दिलेल्या चाचण्यांत काही घातक जिवाणूंपैकी ९९.९ टक्के दोन तासांच्या आत संपले. २०२० साली कोरोनाचा विषाणू वेगवेगळ्या पृष्ठभागांवर तपासला गेला. प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर तो दोन-तीन दिवस तग धरून होता, तांब्यावर चार तासांनंतर जिवंत विषाणू सापडला नाही. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून सकाळी पिण्याची आपली रीतही तपासून झाली आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पटकी, हगवण आणि जुलाबाचे जिवाणू घातलेलं पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं. नंतर जिवंत जिवाणू हाती लागले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत होतं.

आता लॅकरचं नुकसान कळलं ना? लॅकर म्हणजे तांबं आणि जंतू यांच्यामधला पडदा. पडदा आला की आयनांची वाट बंद. उलट नैसर्गिक काळपटपणाने हा गुण जात नाही. म्हणजे काळवंडलेलं उघडं तांबं काम करतं आणि चकाकतं झाकलेलं तांबं निव्वळ शोभेचं. अर्थात, तांबं साफसफाईची जागा घेत नाही. तेलाचा, खरकट्याचा थर बसला तर तोही पडदाच.

ज्या आयनांनी जंतू मरतात ते आपल्या पोटात फार गेले तर आपल्यालाही बाधतात. शरीराला तांबं लागतं, पण दिवसाला एखाद मिलिग्रॅम. म्हणून तर तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक कळकतं आणि म्हणून कल्हईवाला गल्लीत यायचा. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धुराचा लोट उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात आतून चांदीसारखा थर द्यायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना. या प्रचंड फरकामुळेच रस्त्यावरच्या भात्यावर हे काम होऊ शकलं. ओट्याला मात्र कल्हई करत नाहीत. तेव्हा नियम असा: दही, चटणी, लोणचं, कापलेली फळं थेट तांब्यावर ठेवू नयेत. कणीक परातीत मळावी, भाजी पाटावर चिरावी. सिंकजवळ हिरवट थर दिसला तर तो धुऊन काढावा.

आता पत्रा निवडू. तांबं मऊ असतं, नखाने नाही पण सुरीने सहज ओरखडतं. मग ते ओट्यावर टिकावं कसं? तांबटाची हातोडी इथे जादू करते. पुण्याच्या तांबट आळीत हातोडीच्या ठोक्यांनी भांड्यावर जे गोल ठसे उठवतात त्याला मठारकाम म्हणतात. दिसायला देखणं, पण त्याने पत्रा कडकही होतो. कसा? जड सतरंजी सरकवायची तर आपण तिला एक सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलतो. धातू वाकतो तेव्हा अणूंच्या थरांमध्ये अशाच सुरकुत्या धावतात, म्हणून तो वाकतो. ठोकून ठोकून त्या इतक्या वाढतात की एकमेकींत अडकून पडतात आणि धातू ताठ होतो. फार ताठ झाला, फुटेल असं वाटलं, की तांबट तो भट्टीत लाल करतो. उष्णतेने अणू पुन्हा नीट रचले जातात, धातू मऊ होतो. गंमत पाहा: पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं तसंच बुडवलं तरी मऊच राहतं! मठारलेल्या पृष्ठभागाचा आणखी एक फायदा, नव्या ओरखड्यांकडे आणि पोच्यांकडे लक्ष जात नाही. गुळगुळीत आरशासारखा पत्रा प्रत्येक चूक दाखवतो.

जाडी गेजमध्ये विचारतात, आणि तिथे आकडा उलटा चालतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे अवघा ०.७. ओट्याला १६ गेजच्या आसपासचा पत्रा चांगला. पातळ पत्रा पातेलं आपटताच चेपतो. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओट्याला १६ गेजचं तांबं सुमारे २७ किलो लागेल. दर किलोवर असतो, म्हणून हा हिशोब आधीच करून ठेवा.

पत्रा खरोखर तांब्याचा आहे का? चुंबक खिशात घेऊन जा. चिकटला तर आत लोखंड आहे, वरून नुसता मुलामा. पण थांबा, चुंबक ताकदवान असेल तर आणखी एक प्रयोग करा. जाड तांब्याचा पत्रा तिरका धरून त्यावरून चुंबक घसरू द्या. तो चिकटत नाही, पण सुसाट घसरतही नाही, अदृश्य हाताने धरल्यासारखा रेंगाळत उतरतो! सरकत्या चुंबकामुळे तांब्यात विजेचे भोवरे उठतात आणि ते त्याला मागे खेचतात. वीज इतक्या सहज वाहू देणारे धातू मोजकेच, चांदीखालोखाल तांबंच.

हाच गुण ओट्यावर सावधगिरी मागतो. वीज वाहणाऱ्या पत्र्यावर मिक्सर, इंडक्शन, ओले हात. म्हणून तांब्याचा ओटा करताना इलेक्ट्रिशियनकडून ओट्याला अर्थिंग करून घ्या आणि घरात गळती पकडणारा ब्रेकर बसवा. इथे काटकसर नको.

जे इलेक्ट्रॉन वीज नेतात तेच उष्णताही नेतात. स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट वेगाने तांबं उष्णता पसरवतं. त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी ओट्याला हात लावला तर तो गार लागेल. मे महिन्यात खोलीचं तापमान ४० अंशांवर गेलं की तोच ओटा शेजारच्या लाकडी फळीहून कढत लागेल, दोन्हींचं तापमान सारखं असूनही! हाताला तापमान कमी आणि उष्णतेची ये-जा जास्त कळते. धातू तापला की पसरतोही. हिवाळ्याची रात्र आणि उन्हाळ्याची दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला तर दहा फुटांचा पत्रा सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. भिंतीलगत तेवढी फट ठेवली नाही तर पत्रा मध्येच फुगून येतो. कसलेला कारागीर ही फट न सांगता ठेवतो. तुम्ही विचारून खात्री करा. गॅसवरचा तवा थेट पत्र्यावर टेकवू नका. तांब्याचं फारसं बिघडणार नाही, फार तर निळे-जांभळे रंग उठतील, पण खालचा गोंद सुटेल. अडणी वापरा.

राहिली रोजची निगा, आणि ती आश्चर्य वाटावं इतकी थोडी आहे. मऊ फडकं, सौम्य साबण, पाणी, आणि शेवटी कोरडं पुसणं. कोरडं पुसणं महत्त्वाचं, कारण बोअरवेलचं जड पाणी वाळलं की पांढरे क्षारांचे ठिपके मागे राहतात. तारेची घासणी आणि ब्लीच लांब ठेवा. सगळाच ओटा पुन्हा लख्ख करावासा वाटला तर लिंबू आणि मीठ सगळीकडे सारखं चोळा, धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून उरलेलं आम्ल मारा आणि कोरडा करा. सणासुदीला एवढं पुरे. रोज घासाल तर जे कवच तयार व्हायला धडपडतंय तेच रोज खरवडून काढाल.

माझं मत विचाराल तर ज्यांच्या घरात स्वयंपाक मनापासून होतो आणि ज्यांना वस्तूचं वय दिसलेलं आवडतं, त्यांनी तांबं जरूर घ्यावं: उघडं, मठारलेलं, १६ गेजचं. सगळा ओटा परवडत नसेल तर फक्त सिंकच्या बाजूची पट्टी तांब्याची करा. आणि पैसे मोजण्याआधी एक करा. वीतभर पत्रा विकत घ्या आणि एक पावसाळा तुमच्या गॅसजवळ ठेवा. त्यावर पाणी सांडू द्या, लिंबू पडू द्या, गरम वाटी टेकू द्या. पावसाळा सरताना त्याच्याकडे पाहा. आवडला तर ओटा करा. नाही आवडला तर तो तुकडा मोडीत द्या. तांबं कितीही वेळा वितळवलं तरी तांबंच राहतं, त्यामुळे त्याचेही पैसे येतील.